अप्पा बळवंत चौकापासून लॉ कॉलेजच्या टेकडीपर्यंत

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें बदरीकेदार, काश्मीर, निदान महाबळेश्वर तरी उभें राहतें. आम्ही ज्या प्रवासाची हकीकत येथें सांगणार आहों, त्यांत बर्फ नाहीं, सरोवर नाहीं, आणि एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत पायीं गेल्यास फार तर तासाभराची वाट आहे. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकांत तिचा आरंभ होतो, सदाशिव पेठेंतील एका अभ्यासिकेंत मुक्काम पडतो, आणि लॉ कॉलेजच्या टेकडीच्या पायथ्याशीं ती संपते. एवढीशी वाट चालण्यास आम्हांस २०२५ सालचे फाल्गुन व चैत्र हे दोन महिने पुरे लागले. त्या वेळीं आमच्या वयास साठावें वर्ष चालू होतें, आणि आम्ही कायद्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करीत होतों.

आम्ही राहणारे वाईचे. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपति, आणि जेथें धर्मकोशाचें प्रचंड काम झालें ती प्राज्ञपाठशाळा, यांच्या सान्निध्यांत आमचें आयुष्य गेलें. तेहतीस वर्षें शाळेंत मराठी शिकवून अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्त झालों. पुढील दिनक्रमही ठरून गेल्यासारखा होता. सकाळीं घाटावर फेरी, दुपारीं वाचन, सायंकाळीं नातवंडें. हा क्रम मोडण्यास कारण झाला तो एक तीन पानी कागद.

आमचे वडील बंधु दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या मागें वहिनी आणि दोन विवाहित मुली. घर एकत्र, शेत एकत्र. धाकट्या बंधूंनीं, कांहीं वाईट हेतूनें नव्हे, तर चालत आलेल्या रिवाजास अनुसरून, दोघी पुतण्यांच्या सह्यांसाठीं हक्कसोडपत्राचा मसुदा लिहवून आणला. आमच्या आत्यांनीं १९८७ सालीं, आजोबांच्या पश्चात्, असाच कागद सही करून दिला होता. त्यांस साडीचोळी मिळाली व त्या दिवशीं घरांत पुरणपोळी झाली, एवढें आम्हांस स्मरतें. धाकटी पुतणी कागद घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही मराठीचे. यांत काय लिहिलं आहे तेवढं मला सांगा, मग मी सही करतें."

कागदांतील शब्द न् शब्द ओळखीचा होता. 'राजीखुषीनें', 'विनामोबदला', 'हक्क व हितसंबंध' यांपैकीं कोणत्याही पदाचा अर्थ वर्गांतील मुलांस आम्हीं सहज फोड करून सांगितला असता. परंतु सही केल्यानें त्या मुलीचें नेमकें काय जातें, तें तिच्याकडे कोठून आलेलें होतें, आणि एकदां गेलेलें परत येतें किंवा नाहीं, हें त्या शब्दांवरून कळेना. वाईंत चांगले वकील आहेत. त्यांपैकीं एकाकडे गेलों असतों तर घटकाभरांत उत्तर मिळालें असतें. तथापि ज्या घरांत तीन पिढ्या पदवीधर झाल्या, त्या घरांत आपल्याच दस्तऐवजाचा अर्थ एकासही सांगतां येऊं नये, ही गोष्ट मनास लागून राहिली. "सध्यां सही करूं नकोस, थोडी थांब," एवढेंच आम्हीं तिला सांगितलें.

आमचा बेत घरांत कळला तेव्हां घरांतून प्रश्न झाला, "या वयांत आतां काळा कोट शिवायचा कीं काय?" धाकटे बंधु मात्र हंसले नाहींत. ते म्हणाले, "दादा, शिकायचं तें शिका, पण आपल्या घरांत कोर्ट आणूं नका." या वाक्याचें ओझें घेऊनच आम्ही खंबाटकीचा घाट ओलांडला.

या वयांत प्रवेश मिळतो तरी काय, असें पुष्कळांनीं विचारलें, म्हणून त्याचा खुलासा येथेंच करितों. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास तीस वर्षांची मर्यादा घातलेली होती. ती २०१३ सालीं मागें घेण्यांत आली, २०१६ सालीं पुनः लागू करण्यांत आली, आणि मार्च २०१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तिला स्थगिती दिली. त्याच्याही पूर्वी, पंचेचाळीस वर्षांवरील माणसास वकिलीची सनदच देऊं नये असा एक नियम कौन्सिलनें केला होता. तो १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें समतेच्या तत्त्वाशीं विसंगत म्हणून रद्द केला. २०२५ सालच्या महाराष्ट्राच्या परीक्षेस वयाची वरची मर्यादा नव्हती. खुल्या वर्गांतील उमेदवारास पदवीपरीक्षेंत शेंकडा ४५ गुण असले म्हणजे पुरे. आमची पदवीची गुणपत्रिका कपाटाच्या तळाशीं, सासऱ्यांच्या पत्रांखालीं सांपडली.

पुस्तकें घेण्यासाठीं प्रथम अप्पा बळवंत चौक गांठावा लागतो. पेशवाईंतील सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांचें नांव या चौकास मिळालें आहे. परंतु हल्लीं त्या नांवाबरोबर तलवार डोळ्यांपुढें येत नाहीं, पुस्तकांच्या चळती येतात. बालवर्गाच्या पाटीपासून न्यायाधीशांच्या परीक्षेपर्यंत, विद्येच्या सर्व पायऱ्या येथें एकाच रस्त्यावर विकत मिळतात. दुकानदारानें आम्हांस पाहतांच विचारलें, "काका, मुलाची सीईटी का नातवाची?" "आमचीच," असें म्हटल्यावर त्यानें क्षणभर आमच्याकडे पाहिलें, मग फळीवरचें पुस्तक परत ठेवून दुसरें काढलें आणि म्हणाला, "मग हें घ्या. यांतला टाइप मोठा आहे." पुणेरी दुकानदारांविषयीं जें कांहीं बोललें जातें त्यांत ही गोष्टही नमूद असावी.

परीक्षेचें स्वरूप असें. राज्याच्या सामाईक परीक्षा कक्षामार्फत २०१६ पासून ती घेतली जाते. २०२५ सालीं १२० प्रश्न होते व वेळ दोन तासांचा, म्हणजे दर प्रश्नास एक मिनिट. त्यांपैकीं इंग्रजीचे ४०, सामान्यज्ञान व चालू घडामोडींचे ३२, तर्काचे २४ आणि कायदेविषयक आकलनाचे २४. इंग्रजी वगळतां बाकीचे विभाग मराठींतही सोडवितां येतात. उत्तर चुकलें तर गुण कापले जात नाहींत. परीक्षा संगणकावर होते; कागद मिळतो तो कच्च्या आंकडेमोडीपुरताच.

पुण्यांत मावसबंधूंकडे उतरण्याचा आग्रह होता. परंतु आप्तांच्या घरीं पाहुणचार होतो, अभ्यास होत नाहीं, हें जाणून सदाशिव पेठेंतील एका जुन्या वाड्याच्या माडीवर, दोन तरुणांच्या सोबतीनें, कॉट बेसिसवर राहिलों. जेवण मेसचें, रविवारीं एक वेळ चूल बंद.

आतां अभ्यासिका म्हणजे काय, हें ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं थोडेंसें लिहितों. सदाशिव, नारायण व शनिवार या पेठांतून आणि शास्त्री रस्त्याच्या आजूबाजूस गल्लोगल्लीं या जागा आहेत. एका दिवाणखान्यांत फळ्या ठोकून तीस-चाळीस खण पाडलेले असतात. प्रत्येक खणांत एक मेज, एक खुर्ची, एक दिवा. खणास क्रमांक असतो व माणसास तोच क्रमांक चिकटतो. आमचा क्रमांक २३. बसणारीं मुलें बहुतेक लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचीं. बीड, हिंगोली, नंदुरबार, सोलापूर, कोठून कोठून आलेलीं. सकाळीं सातास दार उघडतें तेव्हां पायरीवर दहाबारा चपला आधींच असतात. दिवसभर पानें उलटल्याचा आवाज आणि पंख्याची घरघर. चार वाजतां सर्व जण एकदम उठून कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर जातात, व पंधरा मिनिटांत परत येतात. गुढीपाडव्याच्या दिवशीं जागा ओस पडेल असें आम्हांस वाटलें होतें. प्रत्यक्षांत निम्मे खण भरलेले होते. ज्यांस गांवीं जाण्याचें भाडें जड होतें तीं मुलें, आणि गेल्या खेपेस थोडक्यांत राहिलेलीं म्हणून घरीं तोंड दाखविण्यास लाजणारीं मुलें, तेथें बसलीं होतीं. कोणीतरी दाराच्या खिळ्यास साखरेची गाठी अडकविली होती. सायंकाळपर्यंत तिचा एकेक मणि नाहींसा झाला.

या मुलांनीं पहिल्या आठवड्यांत आम्हांस एखाद्या मुलाचे पालक समजून पाणी दिलें, दुसऱ्या आठवड्यांत 'सर' म्हटलें, आणि तिसऱ्या आठवड्यांत शेजारच्या खणांतील हिंगोलीकडची मुलगी आमची तर्काची वही तपासूं लागली. वर्तुळाकार मेजाभोंवतीं आठ माणसें बसवावयाचीं, कोण कोणाच्या डावीकडे हें ओळखावयाचें, या जातीच्या प्रश्नांत तिची गति विलक्षण होती. आमची गति दुसऱ्या एका प्रकारांत दिसून आली, ती म्हणजे नात्यांच्या प्रश्नांत. 'चित्रांतील पुरुष हा माझ्या आईच्या एकुलत्या एक भावाचा मुलगा आहे, तर तो माझा कोण?' इंग्रजींत याचें उत्तर 'कझिन', आणि त्या एका शब्दांत आपले चुलत, आते, मामे, मावस असे चारही भाऊ कोंबलेले असल्यामुळें विद्यार्थी चित्र काढीत बसतो. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास चित्र नको. 'मामेभाऊ' असा शब्द मनांत उमटतो व उत्तर हातीं येतें. आम्हीं तिला इंग्रजी प्रश्न वाचतांना नातें मराठींत म्हणावयास शिकविलें; तिनें आम्हांस माणसें मेजाभोंवतीं बसवावयास शिकविलें. हा सौदा दोन्ही पक्षांस लाभदायक झाला.

परंतु प्रौढ विद्यार्थ्याची खरी कसोटी लागते ती कायदेविषयक आकलनाच्या प्रश्नांत. तेथें आधीं एक नियम दिलेला असतो, मग एक हकीकत, आणि विचारलेलें असतें कीं दिलेल्या नियमानुसार निकाल काय? उदाहरणार्थ, नियम असा कीं अज्ञानानें, म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तीनें, केलेला करार मुळांतच रद्दबातल होय. हकीकत अशी कीं सतरा वर्षांच्या मुलानें आपलें वय लपवून कर्ज काढलें व तें चैनींत उडविलें. तर करारान्वयें सावकारास पैसे मागतां येतील काय? वीस वर्षांचा विद्यार्थी नियम वाचतो, हकीकत वाचतो आणि 'नाहीं' असें उत्तर देऊन पुढें जातो. साठीच्या माणसास असे चारदोन मुलगे आठवतात, त्यांचे बाप आठवतात. लबाडी ती लबाडी, असें त्याचें मन गर्जूं लागतें, आणि बोट भलत्याच पर्यायाकडे वळूं पाहतें. वस्तुतः या नियमामागें एक खरा खटला आहे. कलकत्त्याच्या धर्मदास घोष या अज्ञान मुलानें १८९५ सालीं आपली मालमत्ता एका सावकाराकडे गहाण टाकली होती. १९०३ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें अज्ञानाचा करार मुळापासूनच निरर्थक ठरविला, आणि दिलेले पैसेही सावकारास परत देवविले नाहींत. ज्याला जगाची समज आलेली नाहीं त्याच्या सहीवर कोणी आपला व्यापार उभारूं नये, हा त्यांतील हेतु. एखाददुसरा लबाड सुटला तरी चालेल, पण शेंकडों भाबडे वांचले पाहिजेत, असा हिशेब त्यामागें आहे.

हे प्रश्न सोडवितां सोडवितां एक गोष्ट आमच्या ध्यानांत येत गेली. वय वाढतें तसें माणूस वाचतां वाचतांच निकाल देऊं लागतो. घरांतील वडील माणसास तर ती संवयच असते. समोरच्याचें बोलणें अर्धें ऐकून तो निवाडा सांगतो, आणि लोक तो मानतात म्हणून त्यास वाटतें कीं निवाडा बरोबर होता. ही परीक्षा त्याला सांगते, 'तुझें मत तूर्त बाजूस ठेव. काय लिहिलें आहे तें आधीं वाच.' अनुभव हें धन खरें, पण येथें तें दाराबाहेर ठेवून आंत यावें लागतें, जसें देवळांत जातांना वहाणा ठेवतात.

रविवारीं मेसची चूल बंद असे त्या वेळीं आम्ही लकडी पूल ओलांडून लॉ कॉलेज रस्त्याकडे फिरावयास जात असूं. हल्लीं नळस्टॉपपर्यंत मेट्रोही जाते. ती मार्च २०२२ मध्यें सुरू झाली. पण या रस्त्याची चव घ्यावयाची तर पायींच गेलें पाहिजे. एका अंगास १९१७ सालीं स्थापन झालेलें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर. दुसऱ्या टोंकाकडे पूर्वीचा प्रभात स्टुडिओ, जेथें आतां फिल्म इन्स्टिट्यूट आहे. आणि मध्यें, टेकडीच्या कुशींत, दाट झाडींतून डोकावणाऱ्या लॉ कॉलेजच्या इमारती. इंडियन लॉ सोसायटीनें १९२४ सालीं हें कॉलेज काढलें व ज. र. घारपुरे हे त्याचे पहिले प्राचार्य. याज्ञवल्क्यस्मृति आणि तिच्यावरील मिताक्षरा टीका यांसारखे हिंदु धर्मशास्त्राचे ग्रंथ इंग्रजींत आणण्याचा मोठा उद्योग याच घारपुऱ्यांनीं केला. भांडारकर संस्थेनें प्रसिद्ध केलेला धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हेही आधीं शाळामास्तर होते व नंतर वकील झाले. १९६३ सालीं त्यांस भारतरत्न मिळालें. निवृत्त मास्तरास या रस्त्यावर आपण अगदींच परके नाहीं असें वाटलें, तर त्यांत नवल नाहीं.

टेकडीवर चढून बसलें म्हणजे खालीं कॉलेज दिसतें आणि पलीकडे शहर. तेथें बसूनच आम्हीं पुतणीच्या कागदाचें मूळ शोधलें. मिताक्षरेच्या मतें वडिलोपार्जित मालमत्तेंत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. बाप मरेपर्यंत त्याला थांबावें लागत नाहीं. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलीस बापाच्या हिश्श्यांत वारस केलें, पण जन्मसिद्ध हक्क दिला नाहीं. महाराष्ट्रानें १९९४ सालीं तो दिला, परंतु ज्यांचें लग्न त्यापूर्वीं झालें होतें त्यांस वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनें तो सरसकट सर्व मुलींस मिळाला, आणि ऑगस्ट २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं हा हक्क जन्मानेंच येतो, ९ सप्टेंबर २००५ रोजीं बाप हयात असण्याची अट नाहीं. म्हणजे विज्ञानेश्वरानें मुलासाठीं उघडलेल्या दारांतूनच मुलगी आंत आली. त्याला सुमारें नऊशें वर्षें लागलीं. आणि तीन पानी कागदावर एक सही केली कीं त्या दारांतून ती पुनः बाहेर. दस्त नोंदला गेल्यावर, फसवणूक किंवा दडपण कोर्टांत सिद्ध केल्याखेरीज, साधारणतः तो फिरवितां येत नाहीं.

परीक्षेचें केंद्र शहराबाहेर होतें. धाकटी पुतणी कोथरुडास राहते. ती रजा काढून बरोबर आली. फाटकावरील रखवालदारानें ओळखपत्र न पाहतांच आम्हांस अडविलें, "पालकांनी बाहेर थांबायचं." "परीक्षा यांची आहे, पालक मी आहें," असें पुतणीनें सांगितलें. त्यानें दोघांकडे आळीपाळीनें पाहिलें आणि दार उघडलें. दोन तास ती उन्हांत एका झाडाखालीं, पाण्याची बाटली व आमचें घड्याळ घेऊन, इतर आईबापांबरोबर बसली होती. लहानपणीं तिच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेस आम्ही तसेच बसलों होतों.

निकाल बरा लागला. सातारच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळाला, आणि तेव्हांपासून एस. टी. नें रोजचें जाणें येणें सुरू झालें. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणें प्रत्येक विषयांत शेंकडा ७० हजेरी लागते. ज्या वाचकांस असाच विचार मनांत येत असेल त्यांनीं प्रवेशपरीक्षेपेक्षां या आंकड्याचा विचार आधीं करावा. गुडघे आणि घरची माणसें या दोघांची संमति त्यास अवश्य आहे.

दिवाळींत सर्व मंडळी वाईस जमली तेव्हां तो मसुदा आम्हीं माजघरांत बसून मोठ्यानें वाचला. प्रत्येक वाक्यानंतर थांबून त्याचा अर्थ सांगितला. कायद्याचा विद्यार्थी म्हणजे वकील नव्हे, म्हणून तो अर्थ एका जाणत्या वकिलांकडून आधीं तपासून घेतला होता. आमचें मत कोणी विचारलें नाहीं व आम्हींही तें सांगितलें नाहीं. थोरली पुतणी म्हणाली, "घरावरचा हक्क मी सोडतें. इथं काका-काकू राहतात, आई राहते. शेताचा नाहीं सोडणार." धाकटी म्हणाली, "मी सध्यां कशावरच सही करणार नाहीं." धाकटे बंधु बराच वेळ खालीं पाहत होते. शेवटीं ते म्हणाले, "ठीक आहे. सातबारावर वारस म्हणून दोघींचीं नांवं लावून घेऊं." पुढें ते आठ दिवस आमच्याशीं बेताचेंच बोलले, पण तलाठ्याकडे अर्ज त्यांनींच नेऊन दिला.

आत्या आतां चौऱ्यायशीं वर्षांच्या आहेत. त्या दिवाळीस माहेरीं आल्या होत्या आणि खांबास टेकून सर्व ऐकत होत्या. मंडळी उठल्यावर त्यांनीं पिशवींतून प्लास्टिकमध्यें गुंडाळलेला एक पिवळा कागद काढला. १९८७ च्या दस्ताची ती नक्कल त्यांनीं अडतीस वर्षें जपून ठेवली होती. आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच त्या म्हणाल्या, "मला आतां कांहीं नको आहे रे. पण त्या दिवशीं मी काय देऊन टाकलं, तें एकदां कळूं दे. वाच."

आम्हीं चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचावयास आरंभ केला.